मोकळ्या रस्त्यात ब्रेक

रस्ता अगदी मोकळा होता. पुढे गाडी नव्हती, सायकल नव्हती, ओलांडू की नको अशा विचारात उभी राहिलेली म्हातारी नव्हती. खड्डासुद्धा नव्हता. दोन्ही बाजूंना ओळीने घरं, घरांना फाटकं, फाटकं बंद. उजेड भरपूर. अशा रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये छान चाललेली गाडी एकाएकी जागच्या जागी थांबली, इंजिन आचका देऊन बंद पडलं आणि मागच्या सीटवरच्या निरीक्षकबाई पुढच्या सीटच्या पाठीला नाकाने भेटून परत आल्या.

पाठोपाठ बझर वाजला.

गाडीत तीन माणसं होती आणि तिघांनाही धक्का बसला, पण प्रत्येकाचा धक्का वेगळा होता. स्टिअरिंगवर बसलेल्या सिस्टरना वाटलं, आपल्याच हातून काहीतरी झालं. त्यांनी वाकून आपला पाय पाहिला. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता, जिथे असायला हवा तिथे. निरीक्षकबाईंना वाटलं, कुणीतरी गाडीखाली आलं. त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "कोण?"

आणि सिस्टरच्या शेजारी बसलेले मास्तर आपल्या उजव्या पायाकडे बघत होते. पाय दुसऱ्या ब्रेकवर टाचेपर्यंत दाबलेला होता. आपल्या पलंगावर कुणी अनोळखी माणूस चपला घालून झोपलेला दिसावा, तसे ते त्या पायाकडे बघत होते.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. त्या भागात जे लोक गाड्या चालवत, त्यांतल्या निम्म्यांना मास्तरांनी शिकवलं होतं. उरलेल्या निम्म्यांना ते त्यांच्या चालवण्यावरून ओळखत. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. मास्तर त्याला 'सासूबाई' म्हणत. "बाजूला बसतात, बोलत काही नाहीत, पण मनात आणलं तर अख्खं घर थांबवतात," असं ते पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याला सांगत. मग सिस्टरच्या आईची, म्हणजे स्वतःच्या खऱ्या सासूबाईंची, न मागता माफी मागत.

परीक्षेच्या दिवशी विद्यार्थी गाडी चालवतो, शिक्षक शेजारी बसतो आणि निरीक्षक मागे. शिक्षकाने आपला ब्रेक दाबला की मागे बझर वाजतो, म्हणजे मग वादावादीला जागा राहत नाही. सासूबाई मध्ये पडल्या, विद्यार्थी नापास. म्हणून परीक्षेच्या दिवशी शिक्षकाची खरी कसोटी पायाची असते. पाय ब्रेकवर हवा, पण भार नको. यात मास्तरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आजवर परीक्षेत त्यांनी जेव्हा जेव्हा ब्रेक दाबला होता, तेव्हा तेव्हा कुणाचा तरी जीव वाचला होता. नवे शिक्षक त्यांचा पाय बघायला येत. मास्तर बूट काढून दाखवत.

सिस्टर म्हणजे त्यांची बायको. दवाखान्यात परिचारिका, म्हणून सगळे सिस्टर म्हणत. लग्नाआधी मास्तरही सिस्टरच म्हणायचे. लग्न ठरल्यावर ती सवय त्यांनी मोठ्या कष्टाने सोडली.

सिस्टरनी उभं आयुष्य बाह्यरुग्ण विभागात काढलं होतं. लोकांना बाकावर बसवायचं, बाकावरून उठवायचं, मधल्या वेळात सुई टोचायची. मुलगी लग्न होऊन लांब गेली आणि सिस्टरना एकाएकी वाटायला लागलं की, बाकावर आपणच बसलोय आणि आपला नंबर कुणी पुकारतच नाही. तेवढ्यात फिरता दवाखाना निघाला. एक मोठी व्हॅन, तिच्यात औषधं, घडीची खाट आणि वजनकाटा, आणि रस्त्याच्या टोकाटोकाची गावं. आठवड्यातल्या चार रात्री बाहेर मुक्काम. व्हॅन हाकणारं आणि सुई टोचणारं माणूस एकच हवं, अशी अट होती. सिस्टरनी अर्ज केला, मुलाखत दिली आणि निवड झाली. फक्त लायसन्स नव्हतं. ते सोमवारपर्यंत दाखवा, नाहीतर यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला घेऊ, असं त्यांना सांगण्यात आलं. दुसरा उमेदवार उत्तम गाडी चालवायचा. सुई टोचताना मात्र तो डोळे मिटायचा.

मास्तरांना आनंद झाला. तो खोटा नव्हता, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. भेटेल त्याला ते सांगत सुटले, "आमची बायको व्हॅन हाकणार! व्हॅन!" त्यांनी सिस्टरसाठी थर्मास आणला, विजेरी आणली, जाड पांघरूण आणलं. पलीकडच्या गल्लीत गाडी शिकवायची दुसरी शाळा होती, तिच्या मालकाला सगळे बुलेट म्हणत. तो म्हणाला, "मास्तर, स्वतःच्या बायकोला शिकवू नका हो. माझ्याकडे पाठवा. मी माझी तुमच्याकडे पाठवतो." मास्तरांनी त्याला उडवून लावलं. रोज सकाळी ते स्वतः सिस्टरना घेऊन निघत. शिकवताना कधी आवाज चढवला नाही. घरी चढवत तितकासुद्धा नाही.

त्याच सुमारास त्यांना खोकला सुरू झाला. जेवताना, झोपताना, विशेषतः सिस्टर व्हॅनबद्दल बोलायला लागल्या की. सिस्टरनी छाती तपासली.

"छातीत काहीच नाही," त्या म्हणाल्या.

"असं कसं काहीच नाही?" मास्तर दुखावून म्हणाले.

परीक्षेच्या सकाळी त्यांनी गाडी धुतली, तिन्ही आरसे पुसले आणि सिस्टरना सांगितलं, "आज तू पास. मी सांगतो ना!" निरीक्षकबाई नेहमीप्रमाणे स्वतःची उशी घेऊन आल्या, मागच्या सीटच्या बरोबर मध्ये ठेवून तिच्यावर बसल्या. सिस्टरनी चढावर गाडी उभी करून हलवली, उलटी घेतली, दोन मोठे चौक पार केले. सगळं सुरेख. उरला होता तो हा सरळ, मोकळा रस्ता आणि त्याच्या टोकाला लायसन्सचं ऑफिस. सिस्टरनी तिसरा गिअर टाकला, खांदे सैल सोडले आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणायला सुरुवात केली.

तेवढ्यात मास्तरांचा पाय खाली गेला.

"काय दिसलं?" निरीक्षकबाईंनी डोळे उघडून विचारलं. उशी घरंगळून खाली गेली होती, ती त्यांनी वर घेतली, झटकली आणि पुन्हा तिच्यावर बसल्या.

मास्तरांनी तोंड उघडलं. आत काहीच तयार नव्हतं.

"मांजर," ते म्हणाले.

"कुठलं मांजर?" सिस्टर म्हणाल्या.

"होतं."

"कुठे होतं? मी समोरच बघत होते."

"डावीकडून आलं."

"मग गेलं कुठे?"

"गेलं," मास्तर म्हणाले आणि खोकले.

निरीक्षकबाई दार उघडून खाली उतरल्या. सरकारी कामात त्या कशाचीच घाई करत नसत. गाडीच्या पुढे गेल्या, कमरेवर हात ठेवून वाकल्या, गाडीखाली पाहिलं. मग डावीकडच्या फाटकाखाली, मग उजवीकडच्या. "ये, ये, ये," असं त्या मांजराला हळूच बोलावतही होत्या. गाडीत नवरा-बायको समोर बघत बसले होते. गाडी नक्की कुठे थांबली आहे, हे दोघांनाही कळत नव्हतं.

एका फाटकाच्या आत खुर्ची टाकून एक आजोबा बसले होते. निरीक्षकबाईंनी त्यांना विचारलं.

"मांजर?" आजोबा म्हणाले. "या रस्त्यावर? अहो बाई, असतं तर पकडून घरात ठेवलं नसतं का? उंदरांनी माझी गादी खाल्लीय."

"आत्ता इथून गेलं म्हणतात."

"मी सकाळपासून इथेच बसलोय. तुमच्या गाडीशिवाय काहीही गेलेलं नाही. तीही पूर्ण गेली नाही."

निरीक्षकबाई परत आल्या, पण आत बसल्या नाहीत. मास्तरांच्या खिडकीशी वाकून उभ्या राहिल्या. इतकी वर्षं दोघं एकमेकांना ओळखत होते, पण समोरासमोर क्वचितच पाहिलं होतं. एक कायम पुढे, एक कायम मागे.

"मास्तर, नीट ऐका," त्या म्हणाल्या. "मांजर असेल, तर यांना ते दिसलं नाही. म्हणजे नापास. पुन्हा महिन्याने या. मांजर नसेल, तर यांची काही चूक नाही, परीक्षा इथून पुढे चालू. पण मग परीक्षेत विनाकारण ब्रेक दाबला म्हणून तुमचा शिकवायचा परवाना मला इथेच काढून घ्यावा लागेल. परत हवा तर शिक्षकाची परीक्षा पहिल्यापासून द्यायची. दोनांतलं एक काय ते सांगा. मध्यम आकाराचं मांजर मला लिहिता येणार नाही."

महिन्याने म्हणजे सोमवार जाऊन मागे पडलेला. व्हॅन डोळे मिटणाऱ्या माणसाकडे. हे मास्तरांना कळलं आणि लगेच दुसरी एक गोष्ट कळली. 'महिन्याने' हा शब्द ऐकून त्यांच्या छातीत काहीतरी मोकळं झालं होतं. सकाळपासून पहिल्यांदाच श्वास खालपर्यंत गेला होता. आणि ज्या बाईसाठी त्यांनी थर्मास आणला, विजेरी आणली, जिने पास व्हावं म्हणून सकाळी आरसे पुसताना देवापाशी शब्दसुद्धा टाकला, ती इथे हातभर अंतरावर बसली होती.

आता फक्त मांजर आहे म्हणायचं होतं. ते तर म्हणून झालंच होतं.

"अहो," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर होते, शिकवल्याप्रमाणे. "होतं का मांजर?"

त्यांनी चिडून विचारलं असतं, तर मास्तर चिडून उत्तर देऊ शकले असते. पण सिस्टरनी दवाखान्यातल्या आवाजात विचारलं. दुखतं का, कुठे दुखतं, कधीपासून, असं ज्या आवाजात विचारतात, तो आवाज.

"नव्हतं," मास्तर म्हणाले.

"नव्हतं?" निरीक्षकबाई म्हणाल्या. त्यांनाही ते अपेक्षित नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्यासमोर शेकडो मांजरं, कुत्री आणि एकदा एक हत्ती येऊन गेला होता. 'नव्हतं' असं कुणी म्हटलेलं त्यांना आठवत नव्हतं. "मग ब्रेक का दाबलात? कारण लिहावं लागतं."

मास्तरांनी विचार केला. अगदी मनापासून विचार केला. पाय आपला असला तरी त्याचं म्हणणं ते पहिल्यांदाच ऐकत होते.

"ती चांगली चालवत होती," ते म्हणाले.

फाटकाआडचे आजोबा खुर्ची पुढे सरकवून ऐकायला लागले होते.

"हे कारण लिहू?"

"लिहा."

"असंच?"

"गुणगुणायला लागली होती," मास्तर म्हणाले. "तेही लिहा. गाडी हाकताना गुणगुणायला लागलं की, विद्यार्थ्याला आपली गरज उरलेली नाही असं समजायचं, हे मीच सगळ्यांना शिकवतो. इतर विद्यार्थी गुणगुणले की मी खिडकीबाहेर बघतो. आज पाय खाली गेला. मी नेला नाही. म्हणजे मीच नेला, पण मला विचारून नाही."

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. बायकोच्या चेहऱ्यावर मास्तरांनी आजवर अनेक भाव पाहिले होते, बरेचसे स्वतःच आणलेले. हा नवा होता.

"उतरा," त्या म्हणाल्या.

"अगं..."

"नाही, खरंच उतरावं लागेल तुम्हाला," निरीक्षकबाई म्हणाल्या. "त्या सीटवर आता मला बसायला हवं. परवाना द्या." त्यांनी खिडकीतून हात पुढे केला, परवाना घेतला आणि उशी काखेत मारली.

मास्तर उतरले. निरीक्षकबाईंनी पुढच्या सीटवर उशी ठेवली आणि बसल्या. सिस्टरनी गाडी न्यूट्रलला आणली, चावी फिरवली, आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, मान वळवून मागचं पाहिलं. मागे फक्त नवरा उभा होता. त्याला सोडून त्यांनी गाडी अलगद पुढे काढली, पहिला, दुसरा, तिसरा, एकही झटका नाही. मास्तरांच्या मनात आलं, काय शिकवलंय! आणि त्याच वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. या दोन गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी कशा होतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"गाडी तुमची?" आजोबांनी फाटकातून विचारलं.

"हो."

"बायको?"

"तीही."

"कोण घेऊन चाललंय कोणाला?"

मास्तर ऑफिसच्या दिशेने चालायला लागले.

ते पोचले तेव्हा गाडी आवारात पांढऱ्या रेषांच्या बरोबर मध्ये उभी होती. निरीक्षकबाई उशी घेऊन आत गेल्या होत्या. पायरीवर बुलेट उभा होता. त्याच्या दोन विद्यार्थिनींची परीक्षा होती. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती, आणि तो हसेल अशी मास्तरांनी तयारी ठेवली होती. बुलेट हसला नाही. त्याचा चेहरा आपल्याच शाळेचा पत्रा उडाल्यासारखा झाला होता.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमचा पाय? तुमचा?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "मग आमच्या पायांचं काय?"

सिस्टर गाडीच्या मागच्या सीटवर बसल्या होत्या. मांडीवर लायसन्सची तात्पुरती पावती. मास्तर खिडकीशी थांबले, मग दुसऱ्या बाजूने जाऊन तेही मागेच बसले. पुढच्या दोन्ही सीट रिकाम्या. आवारातून जाणारे लोक वाकून बघत होते की, यांचा ड्रायव्हर कुठे गेला.

"पास?" मास्तरांनी विचारलं.

"पास."

"अभिनंदन."

"तोंडात येतो तरी कसा शब्द?" सिस्टर म्हणाल्या. "मी महिनाभर रोज पहाटे उठले. चढावरून गाडी मागे आली तेव्हा रडले. आणि तुम्ही... तुमचाच पाय! बुलेटने दाबला असता तर मी समजले असते."

"मला माहीत नव्हतं गं. शप्पथ. गाडी थांबेपर्यंत माहीत नव्हतं."

"तेच तर! माहीत असून दाबला असतात तर निदान भांडता आलं असतं." त्या पावतीची घडी घालत होत्या, उलगडत होत्या. "आणि ऐका. अजून एक आहे. मी निरीक्षकबाईंना सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नव्हते. बझर वाजला ना, तेव्हा मला काय वाटलं माहितीये?"

"काय?"

"बरं झालं."

मास्तरांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "काय झालं?"

"बरं झालं, असं वाटलं. सुटले, असं. इतकंसं, बझर वाजून संपायच्या आत संपलं. मग मला माझंच नवल वाटलं, आणि मग तुमचा असा राग आला की, थर्मास आणून डोक्यात घालावा. मला वाटत होतं, मी आनंदाने निघालेय. अनोळखी गावं, अनोळखी खाट, एकटीच... मला भीती वाटते, अहो. मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही ब्रेक दाबला नसतात तर पहिल्या रात्री कुठल्यातरी गावात समजलं असतं, विजेरी हातात घेऊन."

आपल्या पोटात काय चाललं होतं याचा मास्तरांना बसलेला धक्का अजून ओसरला नव्हता, त्यावर हा दुसरा. इतकी वर्षं एका घरात, एका ताटलीतलं खाऊन, दोघांनी आपापल्या पोटातलं इतकं व्यवस्थित लपवलं होतं की, ते त्यांना स्वतःलाही सापडलं नव्हतं.

"म्हणजे मग नाही जाणार?" मास्तरांनी विचारलं, आणि आवाजात आशा ऐकू येऊ नये म्हणून खूप काळजी घेतली. ती ऐकू आली.

"जाणार. का नाही जाणार? भीती वाटते म्हणून नाही जायचं असतं, तर मी तुमच्याशी लग्नसुद्धा केलं नसतं." त्या थांबल्या. "तुमचे आभार मानू की तुम्हाला बदडू, हेच कळत नाहीये मला."

"दोन्ही कर. सवडीने कर."

"हसू नका. मी रागावलेय."

"मी हसत नाहीये गं."

खरंच हसत नव्हते. सिस्टरनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट वळून पाहिलं.

"मी तुम्हाला कधी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "जाऊ का, असं."

"विचारलं असतंस तर नको म्हणालो असतो."

"म्हणून तर नाही विचारलं. तुम्ही थर्मास आणलात आणि मी सुटले." त्यांनी पावती पर्समध्ये टाकली, पर्स बंद केली. "आता विचारते. जाऊ?"

मास्तरांनी तोंड उघडलं. मघाशी आत काहीच तयार नव्हतं. आता दोन उत्तरं तयार होती, आणि दोन जाड माणसं एकाच दारातून एकदम बाहेर पडायला बघतात तशी ती अडकली होती.

"जा," ते म्हणाले. मग म्हणाले, "नको जाऊस." ते ऐकून ते स्वतःच दचकले. मग घसा साफ केला आणि पुन्हा म्हणाले, "जा."

सिस्टर थोडा वेळ वाट बघत राहिल्या. आणखी काही येतंय का, ते बघत असाव्यात.

"शेवटचं कुठलं होतं?"

"जा."

"मग मी शेवटचं धरते," सिस्टर म्हणाल्या, आणि मागचं दार उघडून पुढे जाऊन बसल्या.

मास्तर मागेच बसून राहिले. निरीक्षकबाईंची जागा तशी ऐसपैस होती. उशी तेवढी नव्हती.